एका इंजिनावर, मे महिन्यात

नागपूरचा सोनेगाव विमानतळ समुद्रसपाटीपासून 315 मीटरवर आहे. नकाशावर ही उंची किरकोळ वाटते, पण विमानाच्या पंखाला आणि इंजिनाला नकाशा वाचता येत नाही. त्यांना हवेची घनता तेवढी कळते. विमानांचे सगळे तक्ते एक प्रमाण वातावरण धरून बनवलेले असतात आणि त्या हिशेबाने सोनेगावच्या उंचीवर हवा साधारण 13 अंश सेल्सिअसची असायला हवी. मे अखेरचा कडक उन्हाचा नवतपा सुरू झाला की तिथे दुपारी 45 अंश सहज असतात. 23 मे 2013 रोजी तर पारा 47.9 अंशांवर गेला होता. वैमानिकांचा ढोबळ नियम असा की प्रमाणापेक्षा वरच्या प्रत्येक अंशामागे उंचीत सुमारे 120 फूट मिळवायचे. 32 अंशांचे झाले 3840 फूट, त्यात धावपट्टीची मूळ उंची हजारभर फूट. बेरीज जाते 4900 फुटांच्या घरात, म्हणजे जवळजवळ दीड हजार मीटर. मे महिन्याच्या दुपारी सोनेगावहून उडणारं विमान हवेच्या दृष्टीने महाबळेश्वरपेक्षा उंच ठिकाणाहून उडत असतं. दोन इंजिनांच्या छोट्या टर्बोप्रॉप विमानांची इंजिनं बदलून अधिक ताकदीची बसवावीत का, या प्रश्नाचा विचार निदान नागपुरात तरी याच आकड्यापासून सुरू व्हायला हवा.

ही विमानं म्हणजे मुख्यतः बीचक्राफ्ट कंपनीची किंग एअर. तिचं पहिलं उड्डाण जानेवारी 1964 मधलं, आणि आजवर सर्व प्रकारांत मिळून सात हजारांहून अधिक किंग एअर बनल्या. त्यातली धाकटी सी-90 आपल्याकडे उद्योगसमूहांनी वापरली, राज्य सरकारांनी वापरली, आणि आता तिचं सर्वांत मोलाचं काम हवाई रुग्णवाहिकेचं आहे. विदर्भ आणि लगतच्या मध्य प्रदेशातले रुग्ण नागपूरला येतात आणि त्यांतल्या काहींना पुढे हैदराबाद, चेन्नई किंवा मुंबई गाठावी लागते. अशा वेळी आत स्ट्रेचर, ऑक्सिजन सिलिंडर, डॉक्टर आणि परिचारक सामावून घेणारं आणि जेटच्या मानाने स्वस्तात उडणारं हे विमान उपयोगी पडतं. सी-90 चं उत्पादन 2021 मध्ये थांबलं. त्यामुळे आज उडणारी सी-90 विमानं दिवसेंदिवस जुनीच होत जाणार, आणि त्यांच्या मालकांसमोर इंजिनांचा प्रश्न आज ना उद्या येणारच.

जुन्या सी-90 च्या दोन्ही बाजूंना प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाचं पीटी6ए-21 हे इंजिन असतं, प्रत्येकी 550 अश्वशक्तीचं. याची रचना पाहण्यासारखी आहे. हवा इंजिनाच्या मागच्या भागातून आत शिरते, पुढे येता येता दाबली जाते, इंधनाबरोबर जळते, आणि धूर पुढच्या बाजूच्या नळकांड्यांतून बाहेर पडतो. आतला एक दांडा मिनिटाला सदतीस-अडतीस हजार फेरे घेत हवा दाबण्याचं काम करतो. दुसरा दांडा गिअरबॉक्समार्फत प्रोपेलर फिरवतो. या दोन दांड्यांमध्ये कुठलाही यांत्रिक जोड नाही, दोघांना बांधणारा असतो तो फक्त तापलेल्या वायूचा झोत. अशा इंजिनाला दोन मर्यादा असतात. एक गिअरबॉक्सची: त्यावर किती पीळ द्यायचा, म्हणजे टॉर्क किती. दुसरी तापमानाची: आतल्या टर्बाइनच्या पात्यांजवळचा वायू किती तापू द्यायचा. थंड हवेत टॉर्कची मर्यादा आधी येते आणि वैमानिकाला पूर्ण 550 अश्वशक्ती मिळते. बाहेरचा पारा तिशीच्या बराच पुढे सरकला की तापमानाची मर्यादा आधी लागते. लिव्हर आणखी पुढे ढकलायला जागा असते, पण ढकलली तर पाती भाजतात. म्हणून वैमानिक हात आवरतो आणि ताकद 550 च्या खाली राहते.

सुधारित इंजिन म्हणून सी-90 वर जे बसवलं जातं ते पीटी6ए-135ए. कारखान्यातून निघालेल्या पुढच्या सी-90 जीटी मालिकेतही हेच होतं. याची क्षमता 750 अश्वशक्तीची, पण विमानावर ते 550 वरच बांधून ठेवलेलं असतं. वरची दोनशे कधीच वापरायची नसतील तर पैसे कशाला मोजायचे, असं कुणालाही वाटेल. उत्तर वरच्या दोन मर्यादांमध्येच आहे. उन्हाने या इंजिनातलंही बळ कमी होतं, पण ते 750 मधून कमी होतं. त्यामुळे 45 अंशांतही प्रोपेलरपर्यंत 550 अश्वशक्ती पोहोचण्याइतका साठा शिल्लक असतो. शिवाय प्रोपेलर मिनिटाला 2200 ऐवजी 1900 फेऱ्यांवर चालतो, त्यामुळे केबिनमधला गोंगाट कमी होतो. स्ट्रेचरवरच्या माणसासाठी तेही थोडकं नाही.

अशा सुधारणेची जाहिरात जवळपास नेहमी वेगाच्या नावाने होते, आणि माझ्या मते तिथेच मोजमाप चुकतं. जुनी सी-90 सुमारे 245 नॉटने जाते, नव्या इंजिनांवर ती 270 च्या आसपास पोहोचते. नागपूर ते मुंबई हवाई अंतर सुमारे 690 किलोमीटर. हिशेब केला तर दीड तासाच्या प्रवासात आठ मिनिटं वाचतात. चेन्नईपर्यंत अकरा. दात्याचं हृदय शरीराबाहेर काढल्यावर ते बसवायला साधारण चार तासांची मुदत असते, हे लक्षात घेतलं तर अकरा मिनिटंही कमी नाहीत. पण तेवढ्यासाठी कोटींच्या घरातला खर्च कुणी करावा, असं मला वाटत नाही. विमानतळावर गाडी अडली तर तेवढी मिनिटं आधीच गेलेली असतात.

खरा लाभ एक इंजिन बंद पडल्यावर दिसतो. समुद्रसपाटीवर, प्रमाण हवेत, पूर्ण वजनाची सी-90 दोन इंजिनांवर मिनिटाला दोन हजार फुटांच्या आसपास चढते. एक इंजिन गेलं की ती चढते पाचशेच्या आसपास. ताकद निम्मी झाली, पण चढण्याचा वेग मात्र पावपट उरला. असं का होतं? विमानाला नुसतं सपाट उडत राहायलाही ताकद लागते, चढणं होतं ते तिच्यावर उरलेल्या शिलकेतून. साडेचार हजार किलोंचं विमान मिनिटाला पाचशे फूट वर न्यायचं, तर प्रोपेलरमधला तोटा धरून साधारण दोनशे अश्वशक्ती लागते. म्हणजे चालू असलेल्या एका इंजिनाच्या 550 पैकी साडेतीनशे नुसतं हवेत टिकून राहण्यात जातात, शिल्लक दोनशे. आता उन्हामुळे त्या इंजिनाची ताकद सत्तर-ऐंशीने घटली असं समजा. इंजिनाच्या दृष्टीने ही घट पंधरा टक्क्यांच्या आतली, पण शिलकेतून ती वजा केली की चढण्याची क्षमता चाळीस टक्क्यांनी खाली येते. विरळ हवेत पंखाला आणि प्रोपेलरलाही जास्त झगडावं लागतं, तो तोटा वेगळाच. हा हिशेब ढोबळ आहे. खरे आकडे प्रत्येक विमानाच्या पुस्तिकेतून काढायचे असतात. पण त्याची दिशा बदलत नाही. एका इंजिनावर उडणाऱ्या विमानाला उन्हाने कमी झालेल्या प्रत्येक अश्वशक्तीची किंमत दुप्पट-तिप्पट मोजावी लागते, आणि पीटी6ए-135ए सारखं इंजिन नेमकी तीच घट भरून काढतं.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप नागपूरच्याच धावपट्टीवरून येतो. 6 मे 2021 रोजी रुग्ण घेऊन इथून उडालेल्या एका सी-90 चं एक चाक उड्डाणाच्या वेळीच निखळलं. वैमानिकांनी विमान मुंबईला नेलं, धावपट्टीवर फेस पसरला गेला आणि विमान पोटावर उतरवलं गेलं. आतले पाचही जण सुखरूप बाहेर आले. त्या दिवशी दोन्ही इंजिनं ठणठणीत होती. मग इंजिनांवर एवढा खर्च करण्यापेक्षा चाकं, बेअरिंगं, पंखांचे बोल्ट, गंज आणि धातूचा थकवा यांकडे पैसा का वळवू नये? पीटी6 हे जगातल्या सर्वांत भरवशाच्या इंजिनांपैकी आहे, ते क्वचितच बंद पडतं, हेही खरंच. हा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. ज्या विमानाची देखभालच कच्ची आहे त्याला नवीन इंजिन बसवणं ही फसवणूक होईल, आणि पैसा एकाच कामापुरता असेल तर तो आधी सांगाड्याच्या तपासणीवरच खर्च व्हावा. पण उरलेला निम्मा आक्षेप टिकत नाही. चाक निखळलेलं विमान हवेत तास-दोन तास फिरू शकतं, इंधन जाळू शकतं, मोठी धावपट्टी निवडू शकतं. आणि त्या दिवशी तसंच झालं. जमिनीपासून दोनशे फुटांवर इंजिन गेलं तर निवड करायला वेळच नसतो. जी घटना क्वचित घडते, पण घडल्यावर दुरुस्तीची संधी देत नाही, तिच्यासाठी राखीव ताकद आधीच जवळ असावी लागते.

दुसरा आक्षेप जाणकारांचा. ताकद वाढवली की एक इंजिन बंद पडल्यावर चालू इंजिन विमानाला अधिक जोराने एका बाजूला वळवतं, आणि शेपटीवरचं रडर ते सावरायला अपुरं पडू शकतं. हे बरोबर आहे, आणि म्हणूनच 550 ची मर्यादा कायम ठेवण्याला इतकं महत्त्व आहे. प्रमाण हवेत रडरला जितकं सावरावं लागत होतं तितकंच ते पुढेही राहतं. जिथे मर्यादाच वाढवली जाते तिथे काम पूर्ण निराळं होतं. आपल्याच देशातलं सारस विमान या बाबतीत आठवतं. बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेचं हे दोन टर्बोप्रॉपचं विमान 29 मे 2004 रोजी पहिल्यांदा उडालं. त्याचं वजन ठरवल्यापेक्षा सुमारे नऊशे किलोंनी जास्त भरलं, म्हणून दुसऱ्या नमुन्यावर 850 ऐवजी 1200 अश्वशक्तीची इंजिनं आली. 6 मार्च 2009 रोजी तो नमुना बिडदीजवळ कोसळला आणि हवाई दलाचे तीन अधिकारी गेले. चौकशीत दोष मोठ्या इंजिनाचा निघाला नाही. हवेत इंजिन बंद करून पुन्हा चालू करण्याची पद्धतच चुकीची आखली गेली होती आणि चाचणी पुरेशा उंचीवर झाली नव्हती. इंजिन बदलणाऱ्या प्रत्येक मालकाने यातून एक गोष्ट घ्यावी: पद्धती, पुस्तिका आणि वैमानिकांचा सराव नव्या इंजिनाबरोबर बदलले नाहीत, तर ते काम अर्धवट आहे. सुधारणेच्या मान्यतेसोबत जी पुरवणी मिळते, तिच्यात एका इंजिनावरच्या चढाईचे नवे तक्ते आहेत की जुनेच कायम ठेवलेत, हे पैसे देण्याआधी पाहावं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची (डीजीसीएची) मान्यता याच कागदांवर उभी असते.

ऊन उतरल्यावर उडा, किंवा वजन कमी करा, असाही साधा सल्ला दिला जातो. 1949 पासून 1973 पर्यंत दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून टपाल घेऊन येणारी विमानं मध्यरात्री नागपुरात भेटायची आणि पोती अदलाबदल करून परतायची. टपालासाठी रात्र निवडता येत होती. मेंदूत रक्तस्राव झालेल्या माणसासाठी ती निवडता येत नाही. आणि वजन कमी करायचं म्हणजे बहुधा इंधन कमी करायचं, म्हणजे वाटेत एकदा उतरायचं. त्यात वाचवलेली मिनिटं दुपटीने जातात. सोनेगावची धावपट्टी 3200 मीटरची असल्याने निदान तिथे चूक पचायला जागा आहे. अमरावतीच्या बेलोऱ्याला ती 1850 मीटर आहे आणि अकोल्याला सुमारे 1400. तिथून रुग्ण उचलताना हा हिशेब आणखी ताणला जातो, आणि मोठी जेट विमानं त्या धावपट्ट्यांवर सहसा पर्याय ठरत नाहीत.

राहिला पैसा. पीटी6ए-21 चं शिफारस केलेलं ओव्हरहॉल, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून केलेली दुरुस्ती, 3600 तासांनी येतं, मध्ये 1800 तासांवर तापलेल्या भागाची तपासणी असते. ओव्हरहॉलच्या दोन हजार तास आधी चांगली चालणारी इंजिनं काढून टाकणं ही उधळपट्टी आहे. पण 3600 तास भरत आले असतील तर दोन इंजिनांच्या ओव्हरहॉलचा मोठा खर्च करावाच लागणार असतो, आणि तेव्हा नव्या इंजिनांच्या किमतीतून तो वजा करून उरणाऱ्या फरकाचाच प्रश्न राहतो. जुलै 2024 पासून विमानाच्या सुट्या भागांच्या आयातीवर सरसकट पाच टक्के एकात्मिक जीएसटी आहे, दुरुस्तीच्या सेवेवरचा करही 2020 मध्ये अठरावरून पाचवर आला. सरकार स्वतःही याच वाटेने चाललं आहे: मार्च 2023 मध्ये हवाई दलासाठी सहा डॉर्निअर 228 घेण्याचा 667 कोटींचा करार हिंदुस्तान एरोनॉटिक्सशी झाला, तो कमी इंधन पिणाऱ्या सुधारित इंजिनांसह आणि पाच पात्यांच्या नव्या प्रोपेलरसह. तेही दोन टर्बोप्रॉपचंच विमान, आणि त्याचा आराखडा कित्येक दशकं जुना.

नागपुरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे. मिहानमध्ये बोईंगने एअर इंडियासाठी बांधलेलं, 2015 मध्ये सुरू झालेलं देखभाल केंद्र आहे आणि एअरबसची दुरुस्ती करणारे हँगरही आहेत. एवढं सगळं मोठ्या विमानांसाठी उभं राहिलेलं असताना, आठ-दहा आसनी टर्बोप्रॉपची इंजिनं बदलण्याचं, त्यासोबत सांगाडा उघडून तपासण्याचं काम इथेच एका छताखाली व्हावं, ही मागणी अवास्तव नाही. तोवर एक गोष्ट लगेच करता येईल, आणि तिला पैसाही लागत नाही. हवाई रुग्णवाहिकेची निविदा काढणाऱ्या सरकारी खात्यांनी आणि करार करणाऱ्या रुग्णालयांनी कमाल वेग आणि तासाचा दर यांच्या जोडीला आणखी एक रकाना छापावा: धावपट्टी सोनेगाव, तापमान 45 अंश, रुग्ण आणि पूर्ण इंधनासह वजन, एक इंजिन बंद, चढण्याचा वेग मिनिटाला किती फूट. आकडा विमानाच्या मान्यताप्राप्त पुस्तिकेतूनच घेतलेला असावा आणि त्यावर अभियंत्याची सही असावी. इंजिन बदललेलं विमान आणि न बदललेलं विमान मग एकाच दराने तोललं जाणार नाही, आणि मालकाला नव्या इंजिनांचा खर्च कुठून वसूल होणार याचं उत्तरही त्याच रकान्यात मिळेल.