अपठित उताऱ्याचा अन्वय

दहावीच्या इंग्रजीच्या लेखी परीक्षेस ८० गुण. पैकीं अपठित उताऱ्याची धास्ती आमच्या भोर-वेल्ह्याकडील मराठी शाळांतल्या मुलांस विशेष. शब्दार्थांच्या याद्या घोकल्या कीं उतारा उलगडतो, असा आमचाहि बहुत वर्षें समज होता. इंग्रजींत अनुत्तीर्ण होऊन पुरवणी परीक्षेच्या तयारीसाठीं आमच्या ओसरीवर आलेल्या वेल्ह्याच्या एका विद्यार्थ्यानें तो घालविला. उताऱ्यांतील चाकर ‘हार्डली वर्क्ड’ व धन्यानें त्यास काढून टाकलें. मुलास ‘हार्ड’ ठाऊक! ‘एवढ्या कष्टाळू माणसास कां काढलें, गुरुजी?’ असें त्यानें कळवळून विचारलें. वस्तुतः चाकर काम जवळजवळ करीतच नव्हता. पुढच्या वाक्याशीं अर्थ जुळत नाहीं, हें त्याच्या ध्यानीं आलें होतें. जुळवावा कसा, हें आम्हीं शिकविलें नव्हतें.

मग आम्हीं श्लोकाच्या अन्वयाची रीत धरिली: आधीं क्रियापद, मग कर्ता, मग कर्म. संस्कृतांत विभक्तीमुळें पदें कोठेंहि बसतात; इंग्रजींत कर्ता बहुधा क्रियापदापूर्वीं, कर्म नंतर. मराठीच्या संवयीनें मुलें क्रियापद शेवटीं धुंडाळतात, एवढीच अडचण. प्रश्न प्रथम वाचून उतारा दोनदां वाचावा. आतां तो अडलेल्या शब्दाखालीं पेन्सिलीनें रेघ ओढतो व पुढच्या वाक्याकडे वळतो.