दोन फियाट, एक गाडी

सोलापूरच्या नव्या पेठेत चालती गाडी उभी करायला जागा मिळत नाही; तिथे बंद पडलेली गाडी वर्षानुवर्षे सांभाळणे म्हणजे शेजाऱ्यांच्या सबुरीची परीक्षाच. आमच्याकडे अशी एक गाडी होती, मरहूम अब्बांची १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट. अब्बांनंतर निम्मे घर म्हणत होते भंगारात द्या, निम्मे म्हणत होते ठेवा. शेवटी दुरुस्त करायचे ठरले आणि त्यासाठी तशीच दुसरी जुनी गाडी विकत घ्यावी लागली. त्यातून आम्ही जे शिकलो ते केवळ नट-बोल्टपुरते नाही. आपल्या अनेक घरांत वडिलांची जीप, ट्रक किंवा स्कूटर अशीच उभी असते. त्या घरांना उपयोग व्हावा म्हणून हा लेख.

फियाटचे सोलापूरशी नाते

ही गाडी इटालियन नावाची असली तरी तिच्या कारखान्याचे मूळ आपल्याच गावात आहे. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ मध्ये काढणारे वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला. कंपनीचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. आधी तिथे अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांची जुळणी होई, पुढे फियाटशी करार झाला. वालचंदशेठ १९५३ मध्ये वारले. ११०० मॉडेल त्यानंतर आले. १९६४ मध्ये ११०० डी म्हणजेच डिलाइट निघाली. तीच गाडी १९७२ मध्ये प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ती हीच. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून उतरली. कुर्ल्याच्या त्या कारखान्याच्या जागेवर आज इमारती आहेत. म्हणजे नवा सुटा भाग कंपनीकडून मिळण्याचा प्रश्नच उरला नाही.

दुसरी गाडी कशासाठी?

एकेक भाग शोधत बसण्यापेक्षा तशीच दुसरी गाडी पूर्ण घेणे पुष्कळदा स्वस्त पडते. अट एवढीच की दोन्ही एकाच घराण्याच्या हव्यात. डिलाइट, प्रेसिडेंट आणि पद्मिनी यांचे इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग बरेचसे सारखे. जाळी, दिवे, बंपर मात्र वेगळे. पन्नासच्या दशकातल्या फियाटचे पुढचे दार उलटे, म्हणजे मागच्या बाजूच्या बिजागरीवर उघडते. ते दार डिलाइटला बसत नाही. म्हणून नुसते 'फियाट आहे' ऐकून पैसे देऊ नयेत.

आम्हाला मुंबईकडची एक प्रेसिडेंट मिळाली. समुद्राच्या हवेने तिचा पत्रा चाळणी झाला होता. जमिनीवर पाय ठेवला तर रस्ता दिसत होता. पण गिअरबॉक्स, मागचा डिफरन्शियल आणि स्टिअरिंगची पेटी उत्तम होती. आमच्या गाडीचे नेमके उलट. सोलापूरच्या कोरड्या हवेत पत्रा टिकला होता, पण उन्हाने दारा-काचांची रबरे तडकली होती, वायरिंग ठिसूळ झाले होते आणि गिअरबॉक्स निकामी झाला होता. एकीचे अंग चांगले, दुसरीची आतडी चांगली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. जुन्या जीपला शिडीसारखी वेगळी चेसिस असते. बोल्ट काढले की बॉडी उचलून बाजूला ठेवता येते. फियाटला तशी वेगळी चेसिस नाही. तळाचा पत्रा, दाराखालच्या पट्ट्या, खांब आणि छप्पर मिळूनच सांगाडा बनतो. म्हणून तळ कुजलेली फियाट घेऊन तिच्यात चांगले इंजिन बसवणे म्हणजे ओल्या भिंतीवर चुना लावणे. ज्या गाडीचा सांगाडा शाबूत, तीच गाडी ठेवायची. दुसरीने भाग द्यायचे. आमच्या गाडीत डाव्या पट्टीचा आणि बॅटरीखालचा पत्रा तेवढा डेंटरने कापून नवा जोडला. उजवे दार, काचा उतरवायची यंत्रणा आणि दारांच्या मुठी दुसरीकडून आल्या.

इंजिन कोणाचे?

सगळ्यात मोठा वाद इंजिनावरून झाला. दुसऱ्या गाडीचे इंजिन सुरू होत होते. ते जसेच्या तसे बसवले असते तर महिनाभर वाचला असता. पण इंजिनाचा नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो आणि तोच आरसी बुकात लिहिलेला असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत केलेला फेरबदल नोंदीशी जुळला पाहिजे, आणि इंजिन बदलले तर ते आरटीओकडे कळवून नोंद करून घ्यावी लागते. आम्ही अब्बांच्या गाडीचा ब्लॉकच ठेवला. लेथवाल्याने त्यात स्लीव्ह घालून बोअर केले, पिस्टन-रिंगा नव्या टाकल्या आणि दुसऱ्या इंजिनाचा क्रँक व हेड वापरले. १०८९ सीसीचे हे चार सिलिंडरचे इंजिन साधे आहे. जाणकार हाताला ते दाद देते. अशा रीतीने चेसिस नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही कागदाप्रमाणे राहिले.

याचा आणखी एक फायदा आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुनी खासगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा, ही तिची अट. आधीच नोंद असलेल्या गाडीचा जुना नंबर कायम राहतो. नव्याने नोंद होणाऱ्या गाडीला 'व्हीए' मालिकेतला नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये ठरवली आहे. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. तेव्हा मुलांना शाळेत सोडायला गाडी हवी असेल तर व्हिंटेज नोंदणी करू नये, नेहमीच्या नोंदणीचे नूतनीकरण करावे.

खर्चाआधी हिस्सा

आता घरातली बाब. वडिलांची गाडी हा त्यांच्या तरक्याचा भाग आहे. जो भाऊ किल्ली सांभाळतो त्याची ती आपोआप होत नाही. अम्मीचा हिस्सा आहे, बहिणींचा आहे. अनेक घरांत 'जुना डबा तर आहे' म्हणून बहिणींना कोणी विचारत नाही. मग एक भाऊ खर्च करतो, गाडीला किंमत येते आणि तेव्हा भांडण उभे राहते. आम्ही पाना लावण्याआधी सगळ्यांना बसवले. भंगाराच्या वजनाचा भाव न धरता जुन्या गाड्यांच्या बाजारात ती जशी आहे तशी काय किंमत येईल ते विचारले आणि त्या रकमेवर सर्वांचे हिस्से चुकते केले. मग वारसांची संमतिपत्रे आणि मृत्यूचा दाखला जोडून फॉर्म ३१ भरला. हे नाव बदलण्याचे काम लांबवू नये. मालकाच्या मृत्यूची खबर ३० दिवसांत आरटीओला द्यावी आणि तीन महिन्यांत हस्तांतरणाचा अर्ज करावा, असा नियम आहे.

स्वतःच्या वापराच्या गाडीवर जकात नाही. पण गाड्या घेऊन, दुरुस्त करून विकणे हाच धंदा असेल तर तो व्यापाराचा माल ठरतो. अशांनी आपल्या आलिमांना विचारून हिशेब करावा.

दुसऱ्या गाडीचे शेवटचे काम

भाग काढून झाल्यावर उरलेला सांगाडा लोक अंगणातून भंगारवाल्याला देऊन मोकळे होतात आणि आरसी बुक कपाटात पडून राहते. यात मोठा धोका आहे. मेलेल्या गाडीचे जिवंत कागद चोरीच्या गाडीला लावले जातात आणि पोलीस येतात ते कागदावरच्या मालकाच्या दारात. गाडी कायमची निकामी झाली की कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यावी. सांगाडा नोंदणीकृत भंगार केंद्रात देऊन दाखला घ्यावा. ज्यांच्याकडून आम्ही ती प्रेसिडेंट घेतली त्या कुटुंबालाही आम्ही त्या दाखल्याची प्रत पाठवली. त्यांचे नाव त्या कागदावर वर्षानुवर्षे होते. त्यांना निश्चिंत झोप लागणे हा त्यांचा हक्क होता.

दोन गाड्यांची एक गाडी होते, पण दोन कागदांचा एक कागद होत नाही. म्हणून आम्ही एक वही केली आहे. कोणता भाग कोणत्या गाडीचा, कुठे पत्रा जोडला, काय नवे टाकले ते सगळे तीत तारखेसह लिहिले आहे. वरून रंग चढला की जोड कोणालाच दिसत नाही, बनवणाऱ्यालाही काही वर्षांनी आठवत नाही. उद्या आमच्या मुलांनी गाडी विकायची ठरवली तर घेणाऱ्यासमोर आधी ती वही ठेवावी लागेल. मालातला दोष लपवून विकलेल्या वस्तूच्या पैशात बरकत नसते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

शेवटी कारागिरांविषयी. आपल्या वस्तीतले डेंटर, लेथवाले, सीटमेकर, वायरमन यांच्याजवळ जे ज्ञान आहे ते कुठल्या पुस्तकात लिहिलेले नाही. स्टिअरिंगखालच्या गिअरची दांडी कशी जुळवायची हे जाणणारे उस्ताद आता साठी ओलांडलेले आहेत आणि त्यांचे शागीर्द कमी होत चालले आहेत. घरात जुनी गाडी असेल तर ती त्यांच्याकडे न्या, आणि सुटीच्या दिवशी सोबत आपला मुलगाही न्या. मजुरी ठरवताना घासाघीस करू नका आणि काम संपले की त्याच दिवशी हातावर ठेवा.