पंचमहासरोवरांचा वसंत : अंदाज हवेचा, हिशेब पाण्याचा

मिशिगन राज्याच्या उत्तर भागातले पेलस्टन हे छोटे गाव कडाक्याच्या थंडीसाठी अमेरिकेत प्रसिद्ध आहे. २२ मार्च २०१२ रोजी तिथे पारा २९ अंश सेल्सिअसवर गेला. त्या तारखेचा आधीचा उच्चांक जेमतेम १२ अंशांचा होता. तापमानाचे विक्रम एरवी अर्ध्या-एक अंशाने मोडतात. इथे तो १७ अंशांहून जास्त फरकाने मोडला. शिकागोतही त्या मार्चमध्ये अनेक दिवस पारा २७ अंशांच्या वर होता. चेरी आणि सफरचंदाची झाडे तारखा पाहत नाहीत, ऊब पाहतात. त्यांच्या कळ्या कित्येक आठवडे आधीच फुगल्या.

मग एप्रिल आला आणि नेहमीसारखा गारठला. पूर्ण उमललेल्या चेरीला उणे २ अंशांच्या आसपास इजा होऊ लागते आणि पारा उणे ४ पर्यंत उतरला, तर बहुतेक फुले मरतात. अशा एकामागून एक हिमरात्रींनी मिशिगनचे आंबट चेरीचे ९० टक्क्यांहून अधिक पीक नेले. अमेरिकेतल्या आंबट चेरीचा मोठा हिस्सा याच राज्यातून येतो. सफरचंदाच्या बागाही जवळपास तशाच बसल्या.

त्या वर्षी ‘वसंत सरासरीपेक्षा उबदार राहील’ असे भाकीत कुणी केले असते, तर ते शंभर टक्के खरे ठरले असते. मार्च ते मे २०१२ हा अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचा तोवर नोंदला गेलेला सर्वांत उबदार वसंत होता. बागायतदार बुडाला तो नेमका याच उबेमुळे.

अमेरिकेचे हवामान भाकीत केंद्र दर महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी पुढच्या तीन महिन्यांचा अंदाज काढते. त्यात तापमानाचा आकडा नसतो. शक्यतांची वाटणी असते. तीस वर्षांच्या नोंदींचे उबदार, मध्यम आणि थंड असे तीन समान भाग केले, की प्रत्येकाच्या वाट्याला ३३ टक्के येतात. नकाशावर एखाद्या भागात ‘उबदार : ४५ टक्के’ असे दिसले, तर पारडे त्या बाजूला थोडे झुकले आहे, एवढाच त्याचा अर्थ. मे महिन्यातल्या एका रात्रीचे किमान तापमान या पद्धतीतून निघत नाही, आणि तसा दावाही कुणी करत नाही.

पारडे झुकवणारा मोठा घटक दूर पॅसिफिक महासागरात असतो. एल निनोच्या, म्हणजे तिथले पाणी नेहमीपेक्षा तापलेल्या, वर्षी पंचमहासरोवरांच्या पट्ट्यातला हिवाळा बहुधा सौम्य जातो. २०२३-२४ चा हिवाळा तसाच गेला आणि सरोवरांवर बर्फ नावापुरताच धरला. पण हा संकेत दर वर्षी मिळत नाही. २०१३-१४ मध्ये एल निनोही नव्हता आणि त्याचे थंड रूप असलेली ला निनाही नव्हती. तरी ध्रुवीय वारे पुन्हा पुन्हा खाली घसरले आणि ६ मार्च २०१४ रोजी पाचही सरोवरांचा मिळून ९२ टक्के पृष्ठभाग गोठलेला होता.

सुपीरियर, मिशिगन, ह्युरॉन, इरी आणि ऑन्टारिओ ही पंचमहासरोवरे सुमारे २ लाख ४४ हजार चौरस किलोमीटरवर पसरली आहेत. म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ चार पंचमांश भागावर पाणी! पृथ्वीच्या पृष्ठभागावरच्या गोड्या पाण्यापैकी सुमारे एक पंचमांश इथे आहे. एवढे पाणी तापायला फार वेळ घेते. त्यात गोड्या पाण्याचा एक स्वभाव आडवा येतो. ते ४ अंशांना सर्वांत जड असते. त्यामुळे हिवाळ्यात त्याहून थंड झालेले पाणी वसंतात वरून तापू लागले, की जड होऊन खाली बसते आणि खालचे गार पाणी वर येते. सगळा साठा ४ अंशांवर येईपर्यंत वर उबदार थर टिकतच नाही. सरासरी १४७ मीटर खोल सुपीरियरला यासाठी जूनचा बराचसा भाग लागतो. १९ मीटर सरासरी खोलीचे इरी त्याच्या कितीतरी आधी मोकळे होते. २०१४ मध्ये सुपीरियरवर जूनच्या सुरुवातीलाही बर्फाचे तुकडे तरंगत होते.

या गारठलेल्या पाण्याचा परिणाम काठावर रोज जाणवतो. मुंबईकरांना खारे वारे ठाऊक आहेत. सरोवरांवरून दुपारी जमिनीकडे येणारे वारे त्याच तत्त्वावर वाहतात, फक्त वसंतात ते बर्फगार असतात. शिकागोचा विमानतळ २० अंशांवर असताना किनाऱ्यालगतच्या इमारती ८ अंशांवर असू शकतात. म्हणून तिथल्या अंदाजात ‘सरोवराकाठी अधिक थंड’ ही पुरवणी वसंतभर असते. मिल्वॉकीकडे याचे उग्र रूप दिसते. वारा एकाएकी ईशान्येकडून फिरतो आणि तासाभरात पारा ९ अंश किंवा त्याहूनही जास्त कोसळतो. हवामानखात्याच्या तिथल्या कचेरीने १९६० च्या दशकात याला ‘न्यूमोनिया फ्रंट’ असे नाव दिले.

हाच गारवा बागायतदाराचा आधारही आहे. मिशिगन सरोवराच्या पूर्व काठावर फळबागांचा लांबच लांब पट्टा आहे, तो पश्चिमेकडून पाण्यावरून येणाऱ्या गार वाऱ्यामुळे. हा वारा कळ्यांना उमलू देत नाही, बहर लांबवतो आणि हिमरात्रींचा काळ तेवढ्यात सरतो. २०१२ मध्ये मात्र दक्षिणेकडून आलेली उष्णता इतकी जोरदार होती, की हे कवच अपुरे पडले.

हवा अशी चकवते; पाण्याचा अंदाज मात्र या प्रदेशात जास्त भरवशाचा ठरतो. हिवाळ्याअखेर खोऱ्यात किती बर्फ साठला आहे, हे मोजता येते. तो वितळला की पातळी चढू लागते आणि उन्हाळ्यात शिखर गाठते. अमेरिकी लष्कराचे अभियंते दर महिन्याला पुढच्या सहा महिन्यांचा पातळीचा अंदाज देतात. बंदरे, मालवाहू जहाजे आणि काठावरची घरमालक मंडळी त्यावर नजर ठेवून असतात. अर्थात पाऊस तिथेही चकवतो. मिशिगन-ह्युरॉनची पातळी जानेवारी २०१३ मध्ये नीचांकावर होती. २०२० च्या उन्हाळ्यात ती दीड मीटरहून अधिक वर होती आणि किनाऱ्यावरची घरे ढासळू लागली होती.

इरीच्या पश्चिम टोकाला वसंताचा हिशेब फॉस्फरसमध्ये मांडला जातो. मार्च ते जुलैमध्ये मॉमी नदी शेतांतले खत धुऊन सरोवरात आणते, आणि किती आणते यावर उन्हाळ्यात विषारी नील-हरित शैवाल किती माजेल हे बरेचसे ठरते. ऑगस्ट २०१४ मध्ये याच शैवालाच्या विषामुळे टोलेडो शहर आणि परिसरातल्या चार लाखांहून अधिक लोकांना नळाचे पाणी पिण्यास मनाई करावी लागली. आता मे महिन्यापासूनच आठवड्यागणिक सुधारित अंदाज निघतात आणि जूनअखेर हंगामाचा अंदाज जाहीर होतो, कारण तोवर नदीने आणलेला बहुतेक ऐवज मोजून झालेला असतो.

२०१९ च्या वसंतात तिथे पाऊस थांबेचना. नदीला आलेल्या पाण्याकडे पाहता फॉस्फरसही विक्रमी असायला हवा होता, पण तो अपेक्षेपेक्षा कमी भरला. वायव्य ओहायोतली शेते इतकी चिखलात होती, की अनेक शेतकऱ्यांना पेरणीच करता आली नाही, आणि जे खत शेतात पडलेच नाही ते नदीत उतरले नाही.