उभी गाडी, चालती गाडी : जुन्या मोटारींविषयीचे काही गैरसमज

बोलण्यात ‘व्हिंटेज’ हे विशेषण कोणत्याही जुन्या मोटारीला सर्रास लावले जाते, आणि जुन्या गाड्या जतन करून चालवण्याच्या छंदाविषयी जे गैरसमज आहेत, त्यांची सुरुवात बहुधा या शब्दापासूनच होते. हे वर्गीकरण जिथे रूढ झाले त्या ब्रिटनमध्ये १९१९ ते १९३० या काळात बनलेल्या गाड्यांनाच व्हिंटेज म्हणतात. त्याआधीच्या गाड्यांचे वर्ग वेगळे आहेत, आणि लंडन ते ब्रायटन ही प्रसिद्ध दौड तर १९०५ पूर्वीच्या गाड्यांपुरतीच राखीव असते. १९६६ साली स्थापन झालेली ‘फिवा’ ही जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना किमान तीस वर्षे जुने, इतिहासाला धरून जतन केलेले आणि रोजच्या ये-जा करण्यासाठी न वापरले जाणारे वाहन ऐतिहासिक मानते. भारतातील मोटार विम्याच्या जुन्या दरपत्रकात १९४० सालच्या अखेरीची रेषा आखलेली होती, तर केंद्र सरकारने २०२१ साली मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती केली, तिच्यानुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली, खासगी वापराची आणि मूळ स्वरूप टिकवून असलेली दुचाकी किंवा चारचाकी ही व्हिंटेज ठरते. त्यामुळे १९७० सालची फियाट ११०० भारतीय कायद्याने व्हिंटेज आहे, १९८५ सालची प्रीमियर पद्मिनी नाही. मात्र फिवाच्या व्याख्येत, अटी पाळल्या असतील तर, दोघीही बसतात.

कायद्याविषयीचा दुसरा समज असा की पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारात द्यावीच लागते. खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते हे खरे. परंतु त्यानंतर वाहनाची तपासणी करून, महाराष्ट्रात पर्यावरण कर भरून, नोंदणीचे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करता येते. दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांविषयीचे बहुचर्चित न्यायालयीन आदेश दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या राजधानी परिसरापुरते होते, आणि त्यांच्या बातम्या वाचून पुण्या-नाशिकच्या लोकांनी धडधाकट गाड्या घाईने विकण्याचे कारण नव्हते. याच्या उलट टोकाचा समज म्हणजे व्हिंटेज नोंदणी हा एक मानाचा तुरा आहे. २०२१ च्या नियमांनुसार या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे आणि फेरनोंदणीचे शुल्क पाच हजार रुपये आहे. क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, आणि आधीच नोंदलेल्या गाडीला आपला मूळ क्रमांक कायम ठेवता येतो. मात्र अशी गाडी रस्त्यावर नियमितपणे चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी ती बाहेर काढता येते. ही बंधनासह आलेली सवलत आहे, आणि दर रविवारी गाडी घेऊन पानशेतला जाण्याचा ज्याचा बेत असेल, त्याने अर्ज भरण्यापूर्वी ही अट नीट वाचलेली बरी.

हा छंद संस्थानिकांचा आणि कोट्यधीशांचा, ही समजूत संस्थानी रोल्स-रॉइस गाड्यांच्या छायाचित्रांनी पोसली आहे. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या छंदाची खरी पायरी कुर्ल्यात घडली आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने तेथील कारखान्यात आधी अमेरिकन गाड्यांची जुळणी केली, १९५० च्या दशकात फियाट ११०० हाती घेतली आणि पुढे तिचेच रूप प्रीमियर पद्मिनी या नावाने शतकाच्या अखेरीपर्यंत बनवले. बाह्यरूपात बदल होत गेले तरी १०८९ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन मुळात तेच राहिले, आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे त्याचे सुटे भाग आणि ते बांधणारे हात गल्लोगल्ली तयार झाले. २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. ते हात आता म्हातारे होत आहेत, आणि जुनी गाडी घेणाऱ्याची खरी अडचण बहुतेक वेळा पैशापेक्षा कारागिराची असते.

सर्वांत नुकसानकारक गैरसमज मात्र कायद्याचा किंवा पैशाचा नाही. गाडी जितकी कमी चालवावी तितकी ती जास्त टिकते, ही समजूत वरवर तर्कशुद्ध वाटते, कारण चालवल्याने झीज होते हे सर्वांना दिसते. न चालवल्याने होणारी झीज मात्र झाकलेल्या कापडाखाली होते. उभ्या गाडीच्या कार्ब्युरेटरमधले पेट्रोल, म्हणजे हवा आणि इंधन ठरावीक प्रमाणात मिसळणाऱ्या त्या भांड्यातले पेट्रोल, उडून जाते आणि मागे राहिलेला चिकट थर जेटच्या बारीक छिद्रांत बसतो. तेलाच्या स्पर्शाने मऊ राहणारी रबरी व कातडी सिले वाळून आक्रसतात आणि गळू लागतात. बॅटरी आपोआप उतरत जाते व उतरलेल्या अवस्थेत तिच्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात, ज्यांच्यामुळे ती पुन्हा पूर्ण चार्ज होत नाही. ब्रेकचे तेल तर मुळातच हवेतली आर्द्रता शोषणारे असते. त्यात पाणी मुरले की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि ब्रेकच्या सिलिंडरांना आतून गंज चढतो. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात हे सारे अधिक वेगाने घडते, म्हणून गाडी हललेली असो वा नसो, ब्रेकचे तेल दर दोन वर्षांनी बदलणे हा शहाणपणा आहे.

यावर उपाय म्हणून अनेक मालक दर आठवड्याला गाडी जागेवरच पाच मिनिटे चालू करून ठेवतात, आणि इथे अर्धवट ज्ञान अज्ञानापेक्षा महाग पडते. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते; इंजिन व सायलेन्सर पुरते तापलेले असतील तर ती वाफ बाहेर निघून जाते, नाहीतर ती आतच थिजून तेलात आणि सायलेन्सरच्या पत्र्यात मुरते. चोक ओढून चालवलेल्या थंड इंजिनात जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा तेलाचा थर धुऊन काढते. शिवाय जुन्या गाड्यांचा डायनॅमो, म्हणजे इंजिनावर फिरून वीज निर्माण करणारे यंत्र, मंद गतीवर जवळजवळ काहीच वीज देत नाही, त्यामुळे सेल्फ मारताना खर्च झालेली बॅटरी भरून निघत नाही. पंधरवड्यातून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर रस्त्यावर चालवणे, ज्यात इंजिन पूर्ण तापते, ब्रेक लागतात, गिअर फिरतात आणि टायरांचा जमिनीवर टेकलेला भाग बदलतो, हे जागेवरच्या दहा वेळच्या घरघरीपेक्षा हिताचे आहे. ते शक्य नसेल तर गाडी अजिबात चालू न करता, बॅटरी सोडवून आणि पेट्रोल काढून ठेवणे अधिक बरे.

इंधनाविषयी तीन समज एकमेकांत गुंतलेले आहेत. पहिला असा की शिसे नसलेले पेट्रोल जुन्या इंजिनाला मारते. ज्याचा हा उपयोग १९२१ साली अमेरिकेत शोधला गेला तो शिशाचा संयुग-द्रव पेट्रोलमध्ये मिसळला जाई तो मुख्यतः नॉकिंग, म्हणजे इंधनाच्या अवेळी स्फोटाने होणारी ठकठक, रोखण्यासाठी. त्याच्या राखेचा पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीचे रक्षण करतो, हा अनुषंगिक फायदा होता. भारतात २००० सालापासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. बैठक खचण्याचा धोका खराच आहे, परंतु तो दीर्घकाळ वेगाने आणि जड भाराखाली धावणाऱ्या इंजिनांना. ताशी पन्नास-साठ किलोमीटरने फिरणाऱ्या छंदाच्या गाडीत तो क्वचित दिसतो, आणि हेड कधी उघडावे लागले तर कठीण पोलादाच्या बैठका बसवून हा प्रश्न कायमचा मिटतो. दुसरा समज असा की महागडे, जास्त ऑक्टेनचे पेट्रोल घातल्याने जुनी गाडी जोमाने पळते. ऑक्टेन हे इंधनाच्या ताकदीचे माप नाही, तर दाबाखाली अवेळी न पेटण्याच्या गुणाचे माप आहे. ज्या इंजिनात मुळात कमी दाब निर्माण होतो, त्याला या गुणाचा उपयोग नाही.

तिसरा विषय इथेनॉलचा, आणि येथे भीती पूर्णपणे निराधार नाही, पण दिशा चुकलेली आहे. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने इंजिन रातोरात जळत नाही. इथेनॉलमध्ये त्याच आकारमानाच्या पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून या मिश्रणात पेट्रोलपेक्षा साधारण सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते, आणि पेट्रोलसाठी ठरवलेल्या जेटमधून येणारे मिश्रण थोडे विरळ पडते. त्यासाठी किंचित मोठा जेट लागू शकतो. खरा धोका जुन्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि बुचाचा तरंगता गोळा यांना असतो, कारण इथेनॉल त्यांना फुगवते किंवा ठिसूळ करते, आणि तडकलेल्या नळीतून तापलेल्या इंजिनावर टपकणारे पेट्रोल म्हणजे आगीला निमंत्रण असते. इथेनॉल टाकीतला जुना मळही सोडवून पुढे ढकलते, त्यामुळे पहिल्या काही टाक्यांना फिल्टर वारंवार तुंबतो, आणि लोक दोष इंजिनाला देतात. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घेणे आणि पेट्रोल महिनोन्महिने टाकीत साठवून न ठेवणे, या दोन गोष्टींनी बहुतेक त्रास टळतो.

इंजिन ऑइलबाबत ‘नवे आणि महाग ते उत्तम’ हा हिशेब चालत नाही. जुन्या इंजिनात कॅमचा उंचवटा टॅपेटवर थेट घासतो, आणि त्या घर्षणापासून वाचवणारे जस्त व फॉस्फरसयुक्त रसायन आजच्या पातळ तेलांत, धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नयेत म्हणून, कमी केलेले असते. जाड, २०डब्ल्यू-५० सारखे खनिज तेल साध्या दुकानात मिळते आणि तेच या इंजिनांना मानवते.

जुन्या गाड्या घाटात तापणारच, हाही एक सोयीस्कर समज आहे. नवी असताना हीच गाडी चार माणसे आणि सामान घेऊन खंडाळ्याचा घाट चढत होती. आज ती तापत असेल तर रेडिएटरच्या नळ्यांत विहिरीच्या जड पाण्याचा क्षार बसला आहे, इग्निशनची वेळ मागे सरकली आहे किंवा पंख्याचा पट्टा सैल आहे. मात्र पाणी उकळले नसताना गाडी उन्हाळ्यात अचानक बंद पडते, तेव्हा कारण वेगळे असते. तापलेल्या पंपात किंवा नळीत पेट्रोलचीच वाफ होते आणि पंप द्रवाऐवजी वाफ ओढत राहतो. पंपावर ओले फडके टाकण्याची जुन्या चालकांची युक्ती म्हणूनच अगदी शास्त्रशुद्ध होती. गरम रेडिएटरचे झाकण उघडून त्यात गार पाणी ओतण्याची सवय मात्र शास्त्रशुद्ध नव्हती: झाकणाखालचा दाब सुटला की शंभर अंशांवरचे पाणी क्षणात उसळते, आणि गार पाण्याने तापलेल्या ओतीव लोखंडाला तडा जातो.

चालवण्याबाबतचा गैरसमज असा की ज्याला आजची गाडी येते त्याला ही येणारच. हँडलखालचा गिअर हाताला लवकर सरावतो, पण पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअरच्या दोन दातेरी चाकांची गती जुळवून देणारी कडी, नसेल तर चालत्या गाडीत तो टाकण्यासाठी क्लच दोनदा दाबावा लागतो: एकदा न्यूट्रलसाठी, मध्ये ऍक्सिलरेटर किंचित देऊन, आणि पुन्हा गिअरसाठी. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली गाडी थांबायला अधिक अंतर घेते, आणि लांब उतारावर सतत ब्रेक दाबला तर तापलेला ड्रम फुगतो, अस्तराची पकड सुटते व पेडल दाबूनही गाडी रोखली जात नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्यातच तो उतरावा, हा जुना नियम याच कारणासाठी आहे. टायरची नक्षी शाबूत दिसते म्हणून तो चांगला, असे समजणेही चुकीचे आहे, कारण क्वचित धावणाऱ्या गाडीचा टायर झिजण्याआधी वयाने मरतो. त्याच्या बाजूवर कोरलेल्या चार अंकांतले पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन साल सांगतात. दहा वर्षांवरचा टायर नवा दिसला तरी काढून टाकावा.

उरतो चकचकीतपणाचा मोह. पत्र्यापर्यंत खरवडून, लांबी भरून, मूळ कंपनीने कधी न दिलेल्या रंगात झळाळणारी गाडी प्रदर्शनात गर्दी खेचते. पण जाणकारांच्या लेखी विटलेला मूळ रंग, मूळ गादी आणि मूळ काच यांची किंमत जास्त असते, कारण गाडी पुन्हा कितीदाही रंगवता येते, मूळ मात्र एकदाच असते. फिवाच्या ट्यूरिन सनदेतही पुनर्बांधणीपेक्षा जतनाला अग्रक्रम आहे, आणि भारतीय नियमांतही चासिस, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेली गाडी व्हिंटेज मानली जात नाही. म्हणून जुनी गाडी घेताना रंगाकडे पाहण्याआधी बॉनेट उघडावे, चासिस आणि इंजिनाचे कोरलेले क्रमांक चिंधीने पुसून वाचावेत आणि नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहावेत. ते जुळत नसतील, तर गाडी कितीही देखणी असली तरी ती घेऊ नये.