घरच्या पडवीत जीप उभी करायची तर!

1964 साली अमेरिकेत पॉन्टिॲक जीटीओ आली. 6.4 लिटरचं व्ही-8 इंजिन, 325 अश्वशक्ती, सरळ रस्त्यावर सुसाट. ‘मसल कार’चं वेड बहुतेक जण या गाडीपासून धरतात. अशी एखादी जुनी गाडी घरच्या गॅरेजात वर्षानुवर्षं खपून पुन्हा उभी करणं हा तिकडचा मोठा छंद. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत ही हौस भागवायची ती जुन्या जीपवर, विलीज असो की तिची महिंद्रा बहीण.

विलीजची ताकद किती? 60 अश्वशक्ती! आजची एक लिटरची वॅगन-आरही हिच्यापेक्षा जास्त भरते. पण पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, अशा मुलखात वेगाला विचारतो कोण? विलीजचं इंजिन अवघ्या 2,000 फेऱ्यांना आपला सगळा जोर देतं. पुढची चाकं जोडली, लो गिअर टाकला की जीप चिखलातून सावकाश, पण हमखास बाहेर येते. इथला खरा मसल तोच.

आधी लोखंडाची गोष्ट, कारण ती आपली आहे

भारतातल्या मोठ्या पोलाद कारखान्याचं स्वप्न पहिल्यांदा पडलं ते चांद्यावरून. चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे. 1882 साली जमशेटजी टाटांच्या वाचनात रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल आला. चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याचं लोहखनिज उत्तम आणि वरोऱ्याची कोळसा खाण जवळ, असं त्यात होतं. पण वरोऱ्याचा कोळसा पोलादाच्या भट्टीला चालेना. वीस वर्षांनी दोराबजी टाटा आणि भूगर्भतज्ज्ञ वेल्ड पुन्हा चांद्याच्या जंगलात फिरले आणि पुन्हा निराश झाले. हा नाद सोडतो, हे सांगायला दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले. साहेबांची वाट पाहता पाहता समोरच्या संग्रहालयात शिरले, आणि तिथल्या नकाशावर त्यांना दुर्ग जिल्ह्यातलं लोखंड दिसलं! शोध तिथून पुढे सरकत साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला पोचला. चांद्याच्या मातीतलं लोखंड थोडक्यात हुकलं याची हळहळ मला दर वेळी वाटते. आज सुरजागडच्या खाणीमुळे गडचिरोलीचं नाव पोलादाच्या नकाशावर आहे, पण त्याला शंभराहून जास्त वर्षं गेली.

49 दिवसांची जीप

1940 साली अमेरिकी लष्कराने जीपचा पहिला नमुना मागितला तो 49 दिवसांत. बॅन्टम नावाच्या छोट्याशा कंपनीने तो दिलाही. पुढे विलीज आणि फोर्ड यांनी मिळून युद्धकाळात सहा लाखांहून जास्त जीप काढल्या. फोर्डने आपल्या सुट्या भागांवर, अगदी बोल्टांवरही, ‘एफ’ ठोकला होता. भंगाराच्या ढिगात तसा बोल्ट सापडला की शौकीन लोक तो फडक्यात गुंडाळून घरी नेतात.

पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली, म्हणजे पंपावर आधी ड्रायव्हरने उठायचं. समोरची काच बॉनेटवर आडवी पडते. आणि सगळ्यात गोड गोष्ट: हेडलाइटचा नट सैल करून दिवा मागे उलटवता येतो, तो थेट इंजिनवर उजेड पाडतो. रात्री जंगलात गाडी बंद पडली तर बॅटरी धरायला दुसरा माणूस लागत नाही. ज्याने हे सुचवलं त्याने स्वतः अंधारात इंजिन नक्की खोललं असणार.

महिंद्राची सुरुवात 1945 मध्ये ‘महिंद्रा अँड महंमद’ या नावाने झाली. त्यातले गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि 1948 मध्ये पाटी बदलली. मुंबईत माझगावला जीप जोडायला लागल्या. महिंद्राच्या जुन्या जीपचं बॉनेट इतकं उंच का? नव्या इंजिनात इनटेकचे व्हॉल्व्ह ब्लॉकमधून वर हेडमध्ये गेले, इंजिन उंच झालं, म्हणून बॉनेटही उचललं. ही सीजे-3बी. अमेरिकेत ती 1968 मध्ये बंद झाली, आपल्याकडे तिचा वंश पुढे कितीतरी वर्षं चालला. 2018 मध्ये महिंद्राने त्याच वंशाची रॉक्सर थेट डेट्रॉइटजवळ ऑबर्न हिल्सला बनवायला घेतली, तेव्हा जीपची मालक फियाट क्रायस्लर तक्रार घेऊन धावली.

पहिलं वर्ष कागदांचं

पाना हातात घेण्याआधी आरसी बुक हातात घ्या. चेसिसवरचा नंबर तारेच्या ब्रशने घासून काढा आणि कागदावरच्या नंबराशी एकेक आकडा ताडून बघा. जुन्या आरसीवर गडचिरोली शोधत बसू नका. तो जिल्हाच 26 ऑगस्ट 1982 ला झाला, त्याआधी सगळं चंद्रपूर. एमएच-33 आणि एमएच-34 तर त्याहून नंतरचे.

एक निर्णयही इथेच घ्यायचा: पेट्रोल इंजिन ठेवायचं की डिझेल बसवायचं? पुष्कळ जुन्या जीपना मिस्त्र्यांनी डिझेल इंजिन चढवलं, कारण परवडतं. पण 2021 च्या केंद्रीय नियमानुसार 50 वर्षांहून जुन्या खासगी गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते ती मूळ रूपात असेल तरच. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. मात्र अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. माझं मत स्पष्ट आहे: मूळ इंजिन घरात असेल तर ते बदलू नका.

रंगाचं आताच ऐका. प्रत्येकाला जीप लष्करी हिरवी हवी असते, आणि नेमका तोच रंग चालत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 121 वा नियम सांगतो की ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी.

मग इंजिन

विलीजचं साइड व्हॉल्व्ह इंजिन घरी शिकायला फार चांगलं. व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असल्यामुळे हेड म्हणजे नुसतं जाड लोखंडी झाकण. ते काढलं की आठही व्हॉल्व्ह समोर. पेस्ट लावून व्हॉल्व्ह हाताने घासायचे, आवाज खरखरीत असतो तो हळूहळू मऊ होत जातो. बसला की नाही कसं कळणार? व्हॉल्व्हच्या कडेवर शिसपेन्सिलीने आडव्या रेघा मारायच्या, जागेवर ठेवून पाव फेरा द्यायचा आणि काढून बघायचं. प्रत्येक रेघ तुटलेली दिसली तर बसला. एक जरी अखंड राहिली तर पुन्हा पेस्ट!

युद्धकाळच्या जीपची वायरिंग 6 व्होल्टची. बॅटरी मिळणं जिकिरीचं, म्हणून बरेच जण 12 व्होल्टवर येतात. तेव्हा बल्ब आणि कॉइलही बदलावे लागतात.

आता चंद्रपूरचं ऊन. पारा 47 च्या वर जाणारं हे शहर, आणि या इंजिनात कार्ब्युरेटर तापलेल्या मॅनिफोल्डला खेटून. पेट्रोलची नळीतच वाफ होते, पंपाला ओढायला द्रव उरत नाही, गाडी आचके देते आणि थांबते. जुने मिस्त्री ओलं फडकं पंपावर आणि नळीवर टाकतात, दहा मिनिटं थांबतात, जीप चालू. कायमचा उपाय म्हणजे नळी मॅनिफोल्डपासून लांबून न्यायची आणि मध्ये उष्णता अडवणारा पत्रा बसवायचा.

पावसाळ्यात रंगकाम टाळा. दमट हवेत ड्युको रंगावर पांढरट झाक येते. दिवाळीनंतर हवा कोरडी होते, पण घुग्घुस, दुर्गापूरकडे कोळशाची धूळ असते. जमिनीवर आधी पाणी मारा, मगच गन उचला.

घरी गाडी बनवणारे आपलेच

इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी ‘मीरा’ या छोट्या गाडीचे नमुने स्वतः घडवले, इंजिन मागे असलेले. सत्तरच्या दशकापर्यंत ते सुधारत राहिले. गाडी कारखान्यात मात्र कधी गेली नाही. सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप केली. 2022 च्या जानेवारीत आनंद महिंद्रांनी ती संग्रहासाठी घेतली आणि बदल्यात त्यांना बोलेरो दिली.

ताडोबाच्या मोहर्ली-कोलारा गेटवर पर्यटकांना फिरवणारी मारुती जिप्सी बाजारात आली डिसेंबर 1985 मध्ये, 970 सीसीचं इंजिन घेऊन. म्हणजे 2035 अखेर पहिल्या जिप्सी पन्नाशीच्या, व्हिंटेज नोंदणीच्या वयाच्या होतील. घराच्या मागे एखादी खासगी जिप्सी ताडपत्रीखाली पडली असेल, तर भाऊ, तिचं छप्पर कापू नका, इंजिन बदलू नका, आणि आरसी बुक उंदरांच्या तोंडी पडू देऊ नका.