निवृत्तांचा शरद

शरद म्हटला की चांदणे आठवते. पण मुंबईच्या गिरणी-कारखान्यांतून निवृत्त होऊन रत्नागिरीकडे परतलेले जोडपे आश्विनात आधी आभाळ पाहते. हळवे भात तयार असते. कापून ठेवलेल्या भातावर परतीचा पाऊस पडला, तर दाण्याला कोंब फुटतात. म्हणून उघडीप मिळताच दोघे कापतात, झोडतात आणि ओल आहे तोवर कुळीथ पेरतात.

मग विसावा कुठे? आम्ही कामगारांत वावरणारे. आम्हांला याचे कारण हिशेबात दिसते. १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेत मालकाच्या वर्गणीतून, ठरीव मर्यादेतील पगाराच्या ८.३३ टक्के रक्कम जमा होते. अर्थात ही भीक नव्हे, राखून ठेवलेली मजुरीच होय. तिची किमान रक्कम १ सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपये ठरली. तीत मीठमिरची भागते. तांदूळ शेत देते. आणि तो मुंबईत असताना हे शेत तिनेच राखले. तिच्या कष्टांची नोंद कोणत्याच हजेरीपटावर नाही. निवृत्त तो झाला. ती कधी होणार? आमच्या मागणीपत्रात हा प्रश्न पहिला हवा.