घरगुती मत्स्यालयातील उपद्रवी गोगलगायींचे जैविक नियंत्रण : भक्षक गोगलगायीची उपयुक्तता आणि मर्यादा

प्रस्तावना

काचेच्या टाकीत मासे पाळण्याचा छंद आता महानगरांपुरता उरलेला नाही. तालुक्याच्या गावीही शोभिवंत माशांची दुकाने दिसतात आणि अनेक महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांत अशी एखादी टाकी असतेच. टाकी लावल्यानंतर दोन-तीन महिन्यांत बहुतेकांना एक समान अनुभव येतो. विकत न आणलेला एक प्राणी काचेवरून संथपणे सरकताना दिसतो. प्रथम कौतुक वाटते. महिनाभरात काच, पानांच्या खालच्या बाजू, गाळणीची नळी अशा सर्व ठिकाणी गोगलगायी दिसू लागतात आणि कौतुकाची जागा वैताग घेतो. मग उपायांचा शोध सुरू होतो. अलीकडे हा शोध बहुधा 'असॅसिन स्नेल' या व्यापारी नावाने मिळणाऱ्या भक्षक गोगलगायीपाशी येऊन थांबतो. या उपायामागील जीवशास्त्र कोणते आणि तो कोणत्या अटीवर उपाय ठरतो, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे.

उपद्रवी कोणाला म्हणावे?

टाकीत आपोआप येणाऱ्या गोगलगायी खरे तर आपोआप येत नाहीत. पाणवनस्पतींच्या पानांना चिकटलेल्या चिकट, पारदर्शक अंडपुंजांतून किंवा मुळांतील गाळातून त्या येतात. त्यांत तीन प्रकार प्रामुख्याने आढळतात.

पहिली फायसा अक्यूटा. हिचे शास्त्रीय वर्णन 1805 मध्ये फ्रान्समधील नमुन्यांवरून झाले असले, तरी तिचे मूळ उत्तर अमेरिकेत आहे. आज ती भारतासह जगाच्या बहुतेक भागांत पसरली आहे. शंखाचे टोक वर धरले असता मुख डाव्या हाताला येते, ही तिची सोपी खूण विद्यार्थ्यांच्याही चटकन लक्षात येते. दुसरा प्रकार चकतीसारख्या सपाट शंखांच्या गोगलगायींचा. आपल्याकडील इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस ही त्यांपैकीच. गुरांच्या नाकातील रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या शिस्टोसोमा नसाले या कृमीची ती मध्यस्थ पोषक असल्याने पशुवैद्यकांना ती चांगलीच परिचित आहे. फायसा आणि ही, दोघीही उभयलिंगी असून प्रसंगी स्वफलन करू शकतात. तिसरी मेलॅनॉइड्स ट्युबर्क्युलाटा ही लांब, निमुळत्या शंखाची आहे. ती दिवसा वाळूत दडते, रात्री वर येते, अनिषेकजननाने थेट पिलांना जन्म देते. म्हणजे तिन्ही प्रकारांत वसाहत उभी राहण्यास एकच मादी किंवा एकच प्राणी पुरतो. हाताने वेचून काढण्याचा उपाय का फसतो, याचे उत्तर येथेच आहे.

'उपद्रवी' हे विशेषण मात्र स्थलसापेक्ष आहे. टाकीतील वाळूत दडणारी हीच मेलॅनॉइड्स कॅरिबियन बेटांवर मानवी शिस्टोसोमियासिस पसरवणाऱ्या गोगलगायींची स्पर्धक म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुद्दाम सोडण्यात आली होती. एका ठिकाणी रोग, दुसऱ्या ठिकाणी औषध! टाकीतही या गोगलगायी प्रामुख्याने शेवाळ, कुजलेली पाने आणि माशांनी न खाल्लेले अन्न खातात. त्यांची संख्या वाढते तेव्हा अन्न जादा पडत आहे, असाच अर्थ बहुतांशी घ्यावयाचा असतो.

रासायनिक उपायांची अडचण

मोरचूद किंवा इतर ताम्रयुक्त औषधे गोगलगायींना निश्चित मारतात. परंतु तांब्याची मात्रा थोडी चुकली तरी कोळंबीसारखे कवचधारी जीव प्रथम बळी पडतात आणि नाजूक मासेही त्रासतात. शिवाय शेकडो गोगलगायी एकाच रात्री मेल्या, की त्यांच्या कुजण्याने पाण्यातील अमोनिया वाढतो. औषधाने वाचलेले मासे अमोनियाने दगावतात. छोट्या टाकीत हा धोका अधिकच. सबब, जैविक नियंत्रणाकडे वळणे स्वाभाविक ठरते.

काहीजण त्यासाठी गोगलगायी खाणारे मासे आणतात. त्यांपैकी कॅरिनोटेट्राओडॉन ट्रॅव्हॅन्कोरिकस हा जेमतेम तीन सेंटिमीटरचा चिमुकला फुगामासा पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातील नद्यांतच सापडतो आणि आययूसीएनच्या सूचीत तो संकटग्रस्ततेच्या उंबरठ्यावरील, असुरक्षित जातींत गणला गेला आहे. शोभिवंत माशांच्या व्यापारासाठी होणारी पकड हे त्यामागील एक कारण आहे. आपल्या काचेवरील चार गोगलगायींसाठी केरळातील नदीचा मासा उपसणे प्रस्तुत लेखकास समर्थनीय वाटत नाही.

भक्षक गोगलगायीची शिकार

अनेंटोम हेलेना हे या भक्षक गोगलगायीचे शास्त्रीय नाव. जुन्या लेखनात ती क्लिया हेलेना या नावाने आढळते. 1847 मध्ये वर्णन झालेली ही जाती आग्नेय आशियातील नद्या, तळी व कालव्यांची रहिवासी आहे. शंख शंकूच्या आकाराचा, सुमारे दोन सेंटिमीटर लांबीचा, त्यावर पिवळे आणि गडद तपकिरी पट्टे. तिचे बहुतेक आप्त समुद्रात राहतात. गोड्या पाण्यात शिरलेली ही तुलनेने अल्पसंख्य शाखा होय. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने तर या एका नावाखाली एकाहून अधिक जाती दडल्या असल्याचे दाखवून दिले. दुकानातून आपण नेमके काय आणतो, हा प्रश्न त्यामुळे वाटतो तितका सरळ राहत नाही.

तिची शिकारीची पद्धत पाहण्यासारखी आहे. ती वाळूत अर्धवट पुरलेली असते आणि पाणी आत घेणारी नळीसारखी नलिका तेवढी वर ठेवते. या नलिकेतून येणाऱ्या पाण्यातील रासायनिक खुणांवरून तिला भक्ष्याचा सुगावा लागतो. मग ती वाळूतून बाहेर येते, माग काढते, भक्ष्याला पायाने धरते आणि लांब शुंड त्याच्या शंखाच्या मुखातून आत घालते. शुंडाच्या टोकाशी असलेली दातेरी पट्टी मांस खरवडते. शंखाला छिद्र पाडण्याची तिला गरज पडत नाही. फायसा आणि चकतीसारख्या गोगलगायींना मुख बंद करणारे झाकण नसते, त्यामुळे त्या सहज सापडतात. मेलॅनॉइड्सला झाकण असते, पण तीही वाळूतच राहत असल्याने शिकाऱ्याच्या वाटेवर असते. तळाशी रिकामे, अखंड शंख दिसू लागले, की नियंत्रण सुरू झाले असे समजावे.

हे नियंत्रण संथ असते आणि हाच त्याचा गुण आहे. भक्ष्य एकेक करून कमी होते, त्यामुळे पाणी एकदम बिघडत नाही. भक्षकाची स्वतःची वाढही मर्यादित राहते. नर-मादी वेगवेगळे असल्याने एकट्या प्राण्यापासून वसाहत होत नाही. मादी एका पारदर्शक कुपीत एकच अंडे घालते आणि बाहेर आलेले पिल्लू बराच काळ वाळूतच दडून वाढते. भक्ष्य संपले म्हणजे ती मेलेले जीव, कृमी व माशांचे उरलेले खाद्य खाऊन तगते. वनस्पतींना तिचा उपद्रव नाही. मात्र शोभेसाठी पाळलेल्या गोगलगायी आणि उपद्रवी गोगलगायी हा भेद तिला कळत नाही. तो भेद आपण केलेला आहे.

अन्न टाकण्याचे प्रमाण जुनेच ठेवून केवळ भक्षक सोडला, तर फायसाची संख्या घटते खरी, पण संपत नाही. आमच्या विभागातील टाकीत असेच झाले. खाद्य टाकणारे विद्यार्थी दोन होते आणि दोघेही प्रेमाने टाकत. एकाच विद्यार्थ्याकडे काम देऊन खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच ठेवल्यावर जो फरक पडला, तो भक्षकाने पाडलेल्या फरकाहून मोठा होता.

काचेबाहेरचा इतिहास

गोगलगायीने गोगलगायीचे नियंत्रण ही कल्पना मत्स्यालयात जन्मलेली नाही. आफ्रिकी मोठी गोगलगाय, अकॅटिना फुलिका, 1847 मध्ये एका ब्रिटिश शंखअभ्यासकाने मॉरिशसहून कलकत्त्यास आणली आणि ती भारतभर पसरली. वर उल्लेखिलेल्या भक्षकाचे वर्णनही त्याच वर्षीचे, हा केवळ योगायोग. पॅसिफिक बेटांवरही अकॅटिना पोहोचली, तेव्हा तिच्या बंदोबस्तासाठी युग्लँडिना रोझिया ही अमेरिकेतील भक्षक भूचर गोगलगाय 1955 मध्ये हवाईत, 1974 मध्ये ताहितीत आणि 1977 मध्ये मूरियात सोडण्यात आली. युग्लँडिनाने अकॅटिनाला आवर घातल्याचा भक्कम पुरावा मिळाला नाही. तिने खाल्ल्या त्या झाडांवर राहणाऱ्या, लहान, सावकाश प्रजनन करणाऱ्या स्थानिक गोगलगायी. मूरियातील पार्टुला वंशाच्या सातही जाती 1987 पर्यंत निसर्गातून नाहीशा झाल्या. काहींचे थोडे प्राणी प्राणिसंग्रहालयांत वाचले होते. त्यांच्या वंशजांना बेटांवर परत सोडण्याचे काम 2015 पासून सुरू झाले.

टाकीतील अनेंटोम आणि मूरियातील युग्लँडिना यांच्या स्वभावात या दृष्टीने फारसा फरक नाही. दोघीही मिळेल ती गोगलगाय खातात. फरक आहे तो काचेचा. ही काच गळत नाही असेही नाही. सिंगापूरमध्ये अनेंटोम हेलेना निसर्गात स्थिरावल्याची नोंद 2016 मध्ये प्रसिद्ध झाली आणि शोभिवंत माशांचा व्यापार हाच तिचा संभाव्य मार्ग मानला गेला. आपल्या हवामानात तिला अडथळा वाटावा असे काही नाही. आग्नेय आशियातील उष्ण, संथ पाण्याची तिला सवय आहे आणि आपल्या तळ्यांत, कालव्यांत तेच पाणी आहे. सह्याद्रीतील ओल्या कड्यांना चिकटून राहणाऱ्या क्रेम्नोकाँकस या अत्यंत स्थानिक वंशाला तिच्यापासून थेट धोका कदाचित संभवणार नाही, कारण तिला मऊ तळ हवा असतो. पण गावतळ्यातील बेलॅमिया, थियारा यांसारख्या साध्या गोगलगायी, ज्यांच्याकडे कोणी लक्ष देत नाही, त्या तिच्या वाटेत येतात.

टाकी रिकामी करताना

म्हणून या उपायाची खरी कसोटी लागते ती भक्षक आणताना नव्हे, तर टाकी मोडताना. आमच्याकडे पूर्वी उन्हाळी सुटीपूर्वी टाकी इमारतीमागील गटारात उपसली जाई आणि गटार पुढे ओढ्याला मिळते. भक्षक गोगलगाय आणल्यापासून ही पद्धत बंद केली आहे. मोठे प्राणी वेचून दुसऱ्या टाकीत ठेवले जातात. पाणी दुहेरी फडक्यातून गाळून बागेतील कोरड्या वाफ्यात ओततात. वाळू, वनस्पती आणि फडक्यात राहिलेला गाळ पत्र्यावर पसरून एप्रिलच्या उन्हात आठवडाभर वाळवतात. वाळूत दडलेली पिल्ले आणि दगडांना चिकटलेल्या अंडकुप्या डोळ्यांना दिसतीलच असे नाही. वाळलेली वाळू जूनमध्ये धुऊन पुन्हा वापरतात. जादा झालेले भक्षक मागणाऱ्यांना देताना हीच कृती एका चिठ्ठीवर लिहून सोबत दिली जाते.